मेटॅलिकाचा ‘सेंट अँगर’: खप झाला, नाद हरवला

अमेरिकन हेवी मेटल बँड मेटॅलिकाचा जून २००३ मध्ये आलेला अल्बम ‘सेंट अँगर’ अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या नंबरवर गेला, तिथे डबल प्लॅटिनम (वीस लाख प्रतींचा टप्पा) ठरला आणि शीर्षकगीताने २००४ चं ग्रॅमीही घेतलं. तरी ११ गाण्यांची ही ७५ मिनिटं सलग ऐकवत नाहीत. संतापात काही खोट नाही, रेकॉर्डिंगमध्ये आहे.

आधी स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला मुख्य ठोक्याचा ड्रम. त्याच्या खालच्या बाजूला तारांची पट्टी असते. बाजूचा खटका लावला की ती हेडला (ड्रमच्या ताणलेल्या पडद्याला) टेकते आणि ठोका कोरडा, ‘छट्ट’ असा निघतो. बँडचा ड्रमर लार्स उलरिकने ती पट्टी ढिली सोडूनच वाजवलंय, त्यामुळे अल्बमभर ‘टंग टंग’ चालू राहतं. मराठवाड्यातल्या कानांना चढा ठोका नवा नाही, पण हलगीचा ठोका पडला की संपतो, हा मागे रेंगाळतो. इक्वलायझरवर तो कापायला जाल तर गिटारची धारही जाते, कारण दोघांच्या आवाजाची पट्टी (फ्रीक्वेन्सी) बरीचशी एकच आहे. इअरफोनवर ट्रेबल वाढवून तर अजिबात ऐकू नका.

दुसरी खोट लांबीची. स्टुडिओत तासन् तास वाजवलेले तुकडे प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर कापून-जोडून ही गाणी बांधली. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ सव्वाआठ मिनिटांच्या वर जातं, ‘ऑल विदिन माय हँड्स’ पावणेनऊच्या. जोड ऐकू येतो: रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) संपतो, पुन्हा तोच येतो, आणि मध्ये श्वास घ्यायला बँडचा गिटारिस्ट कर्क हॅमेटचा सोलोही (एकट्याचं वादन) नाही. संपूर्ण अल्बममध्ये एकही सोलो नाही! हॅमेटसारखा वादक हाताशी असताना हा हट्ट कशासाठी, हे शेवटपर्यंत पटत नाही.

बेस जवळपास गायब. बेसवादक जेसन न्यूस्टेड जानेवारी २००१ मध्येच बाहेर पडला होता, म्हणून निर्माता बॉब रॉकनेच बेस वाजवून वेळ भागवली.

संभाजीनगर-लातूरकडे गॅदरिंगला मेटल वाजवणाऱ्यांना ‘फ्रँटिक’ आणि शीर्षकगीत बसवायला चांगली आहेत. दोन्ही ड्रॉप सी या खाली उतरवलेल्या गिटार ट्यूनिंगमध्ये: जाड तारेपासून सी, जी, सी, एफ, ए, डी. सहावी तार ई वरून पूर्ण दोन सूर उतरते, बाकीच्या एकेक. नेहमीचा १०-४६ चा तारांचा सेट (आकडे तारांच्या जाडीचे) एवढा उतरवला की जाड तार लोंबते आणि जोरात मारली की सूर चढून परत खाली येतो. ११-५४ च्या आसपासचा सेट घाला, मग इंटोनेशन (गळ्यावर वरपर्यंत सूर बरोबर लागतात का) पुन्हा तपासा. ड्रमरने मात्र स्नेअरचा खटका लावूनच वाजवावं. भाड्याच्या सेटवर तो ढिला असेल तर स्टेजवर चढण्याआधीच घट्ट करून घ्या, नाहीतर न मागता ‘सेंट अँगर’ मिळेल.

गाणी मुळात किती वाईट, हे तपासायचं तर २०१९ च्या सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबरच्या मैफलीतलं ‘ऑल विदिन माय हँड्स’ ऐका. तिथे ते अकूस्टिक आहे आणि चाल उभी राहते.

जुनी सीडी विकत घेणार असाल तर सोबतची डीव्हीडी आहे का ते पाहूनच पैसे द्या. तिच्यात हीच सगळी गाणी नवा बेसवादक रॉबर्ट ट्रुहीयोच्या बेससह तालमीत सलग वाजवली आहेत, आणि ती सीडीपेक्षा जास्त जिवंत आहेत. नुसत्या सीडीसाठी खिशात हात घालू नका.