स्कॉटी मॅक्रीरीचा 'क्लिअर ॲज डे' : सतरा वर्षांच्या मुलाचा खर्ज, गाणाऱ्या पोरांच्या आईबापांनी ऐकाच

आधी मार्क देऊन टाकते, अल्बम पाचात साडेतीन, आवाज पाचात पाच. आणि हा अल्बम जुना आहे, 2011 चा, तरी आत्ता लिहितेय कारण आमच्या घरात गाणारा मुलगा आहे, त्याचा आवाज नुकताच फुटलाय आणि क्लासमध्ये, नातेवाइकांत, सगळीकडे एकच चर्चा की आता याचं काय होणार, वरचा सा लागत नाही, स्पर्धेला कसा पाठवायचा. अशा वेळी हा अल्बम ऐकायला मिळाला आणि मला खूप धीर आला, म्हणून हा एवढा लांब रिव्ह्यू.

गोव्यात कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत, म्हटलं की लोकांना अजून जिम रीव्हज हा अमेरिकन गायकच आठवतो. सासष्टी-बार्देशात तो माणूस घरचाच आहे, 1964 ला विमान अपघातात गेला तरी आजही त्याची गाणी लागतात. आम्ही फोंड्याकडचे, आमच्याकडे नाट्यगीतं, अभंग, चवथीच्या घुमटावरच्या आरत्या, देवळातल्या जत्रेची नाटकं. तरी सांगते, भजनाची आवड असलेल्या माणसाला कंट्री परकं वाटत नाही. शब्द स्पष्ट, ठेका सरळ, गाण्यात एक गोष्ट, आणि गोष्ट बहुतेक घराची, गावाची, आईची, देवाची.

आता हा मुलगा कोण ते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं गार्नर नावाचं छोटं गाव तिथला, शाळेत बेसबॉल खेळायचा, पिचर होता, आणि किराणा दुकानात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून द्यायचं काम करायचा. 'अमेरिकन आयडल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या दहाव्या सीझनला त्यांनी कमीत कमी वयाची अट 15 वर आणली होती त्यामुळे त्या वर्षी शाळकरी पोरं बरीच आली. हा मिलवॉकीच्या ऑडिशनला गेला आणि जॉश टर्नर या मोठ्या कंट्री गायकाचं एक खालच्या पट्टीतलं गाणं म्हणाला. समोर परीक्षक स्टीव्हन टायलर, जेनिफर लोपेझ आणि रँडी जॅक्सन. तो व्हिडिओ बघा, जरूर बघा, सडपातळ गोरं पोर, चेहऱ्यावर अजून लहानपण, आणि तोंड उघडल्यावर जो मंद्रातला, म्हणजे खालच्या सुरांतला, खर्जाचा आवाज येतो तो चाळिशीच्या माणसाचा वाटतो.

माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. अशा शोमध्ये दर आठवड्याला वेगळी थीम असते आणि बहुतेक स्पर्धक दर आठवड्याला वेगळे होऊन दाखवायला बघतात. आपल्याकडेही तेच, आज लावणी, उद्या कव्वाली, परवा वेस्टर्न, आणि परीक्षक म्हणणार व्हर्सटाईल आहे हं. हा मुलगा तसं काही करायलाच गेला नाही. एल्टन जॉनच्या गाण्यांचा आठवडा आला तेव्हा ह्याने त्याच्याच गाण्यांतून कंट्रीच्या वळणाचं गाणं शोधून काढलं. थीम काहीही असो, गाणं फिरून कंट्रीकडेच यायचं. लोक टीका करायचे की हा एकाच साच्यातला आहे, पण तो हलला नाही आणि 25 मे 2011 ला जिंकला, फायनलला दुसरी होती लॉरेन अलायना, 16 वर्षांची, तीसुद्धा कंट्रीच गाणारी. त्या एका रात्रीची मतं 12 कोटी 24 लाख! एकेक माणूस कितीही वेळा मत देऊ शकत होता हे धरूनही आकडा मोठाच आहे.

मला आपली कार्तिकी गायकवाड आठवली. 2009 च्या सुरुवातीला 'सारेगमप लिटल चॅम्प्स' संपलं तेव्हा आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित सगळेच तयारीचे होते, आमच्या वाड्यावर रात्री कोणाच्याही घरी गेलं तरी टीव्हीवर तेच, आणि जिंकली आळंदीची कार्तिकी, जी तिच्या घरातून आलेलं गाणं, ती गवळण, तो अभंग, त्याच मोकळ्या आवाजात गात राहिली. लोकांना असा गळा लगेच कळतो असं माझं ठाम मत आहे.

आता अल्बमकडे. 4 ऑक्टोबर 2011 ला आला, म्हणजे जिंकल्यावर जेमतेम चार महिने, आणि मुलाला 18 पूर्ण व्हायला अजून 5 दिवस होते. मध्ये आयडलवाल्यांची टूर पण होती, शाळा पण होती. पहिल्याच आठवड्यात 1 लाख 97 हजार कॉप्या गेल्या आणि बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत सरळ पहिला नंबर, पहिल्याच अल्बमने पहिल्या नंबरवर सुरुवात करणारा कंट्रीतला तो पहिला गायक. निर्माता मार्क ब्राइट, ज्याने कॅरी अंडरवुडच्या पहिल्या अल्बमवरही काम केलं होतं, ती 2005 ची आयडल विजेती, ओक्लाहोमाच्या चेकोटा गावची. म्हणजे टीव्हीवरून आलेल्या कंट्री गायकाला कसं मांडायचं हे या माणसाला माहीत होतं आणि ते ऐकताना कळतं, सगळं नीटनेटकं, फिडल आणि स्टील गिटार जागच्या जागी, कुठेही आवाजावर चढत नाहीत.

एकूण 12 गाणी. 'डर्टी डिशेस' माझं सगळ्यात लाडकं, एक आई देवाचे आभार मानतेय, कशासाठी तर खरकट्या भांड्यांसाठी, पोरांच्या दंग्यासाठी, कारण ते सगळं म्हणजे घर भरलेलं आहे. हे गाणं मी किती वेळा लावलं असेल, पणजीला जाताना बाणस्तारीच्या पुलाजवळ गाडी अडकली की हेच. सतरा वर्षांच्या मुलाने आईच्या बाजूचं गाणं म्हणायचं आणि ते खोटं वाटू नये हे सोपं नाही, तो कुठेही रडवायला बघत नाही, गळ्याच्या हरकती-मुरक्यांची नक्षी नाही, फक्त शब्द नीट टाकतो आणि ओळीच्या शेवटी खाली उतरतो. ते उतरणं शिकण्यासारखं आहे. आमच्याकडे मुलांना चढायला शिकवतात, टाळ्या तिथेच पडतात ना, पण खर्जात उतरून सूर स्थिर ठेवायला दम लागतो, त्यासाठी पहाटे उठून खर्ज भरायचा असतो, जुने बुवा हे सांगून गेलेत.

'द ट्रबल विथ गर्ल्स' पण छान, संथ लय, शाळेतल्या मुलाला मुलींबद्दल जे वाटतं ते साधेपणाने. 'वॉटर टॉवर टाऊन' छोट्या गावाचं गाणं, तिथली पाण्याची टाकी सोडा, गावात सगळ्यांना सगळं माहीत असणं हे आमच्या पेडण्या-डिचोलीपेक्षा काही वेगळं नाही. शेवटचं 'दॅट ओल्ड किंग जेम्स' घरातल्या जुन्या बायबलवर आहे, आमच्या आजीची ज्ञानेश्वरी जशी एका हातातून दुसऱ्या हातात आली तसाच भाव, म्हणून मला जवळचं वाटलं.

आता दीड मार्क कुठे गेला. एक तर घाई जाणवते. गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली, मुलाला अजून स्वतःचं सांगायला वेळच मिळालेला नाही, त्यामुळे मधली तीन-चार गाणी एकासारखी एक वाटतात, उन्हाळा, मुलगी, गाडी, परत उन्हाळा. दुसरं म्हणजे 'आय लव्ह यू धिस बिग', हे फायनलनंतरचं विजेत्याचं गाणं, टीव्हीवर त्या रात्री ते गाता गाता तो घरच्यांना मिठ्या मारत होता तेव्हा डोळे भरून येतात, पण नुसतं ऐकलं तर शब्द फार कच्चे आहेत. आणि तिसरं, आवाजाला कुठे आव्हानच दिलेलं नाही, सगळं त्याच्या आरामाच्या पट्टीत. स्पर्धेत ते बरोबर होतं, अल्बमवर एक-दोन गाणी तरी अवघड हवी होती.

पुढचं पण सांगते कारण ते माहीत असल्यावर हा अल्बम वेगळा ऐकू येतो. 2016 ला रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडून दिलं. पहिल्या नंबरचा अल्बम देणारा मुलगा आणि हातात कंपनीच नाही! तेव्हा त्याने आजोबा गेल्यावर लिहिलेलं 'फाइव्ह मोअर मिनिट्स' स्वतःच बाहेर काढलं, ते रेडिओवर वर वर चढत गेलं आणि 2018 ला कंट्री रेडिओच्या यादीत पहिलं आलं. मग 'सीझन्स चेंज' हा अल्बम, ज्यातल्या प्रत्येक गाण्याच्या लिखाणात त्याचा हात आहे. आणि एप्रिल 2024 ला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या जुन्या, मानाच्या कार्यक्रमाचं सभासदत्व, कंट्री गाणाऱ्याला याहून मोठा मान नाही. हा सगळा प्रवास टीव्हीवरच्या त्या एका सीझनच्या नंतरचा आहे, आणि तो तेरा वर्षांचा आहे, हे पालकांनी लक्षात घ्या प्लीज. एका स्पर्धेत पोरगं पहिल्या फेरीत बाहेर पडलं म्हणून घरात दोन दिवस कोणी जेवत नाही असं मी बघितलंय, मला फार वाईट वाटतं.

कसा ऐकायचा : मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर अजिबात नको, खालचे सूर गायबच होतात आणि मग म्हणाल की यात काय एवढं. बरा हेडफोन किंवा गाडीतला म्युझिक सिस्टीम हवाच. सीडी मिळाली तर उत्तम, नाहीतर स्ट्रीमिंगवर आहे. सुरुवात 'डर्टी डिशेस'पासून करा, मग 'द ट्रबल विथ गर्ल्स', मग बाकीचे. इंग्लिश समजायला अडचण नाही, उच्चार दक्षिणेकडचे असले तरी तो शब्द खात नाही. आणि एकच अल्बम घ्यायचा असेल तर माझं मत 'सीझन्स चेंज'ला, पण घरात आवाज फुटलेला मुलगा असेल तर आधी हाच लावा.