एसएसपी शिष्यवृत्ती पोर्टल: अर्ज सोपा, उत्पन्नाची अट मात्र जाचक

पीयूसी (अकरावी-बारावी), डिग्री, इंजिनिअरिंगसाठी समाजकल्याण, मागासवर्ग कल्याण अशा खात्यांचे अर्ज कर्नाटकात एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या एकाच पोर्टलवर भरले जातात. खानापूर-निपाणीकडच्या मुलांची कचेऱ्यांची पायपीट त्यामुळे वाचते. पोर्टलला पाचपैकी साडेतीन गुण. उत्पन्नाच्या अटीला एकही देववत नाही.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्राची मर्यादा 2013 मध्ये अडीच लाख झाली आणि 2021 च्या नव्या नियमावलीतही तेवढीच ठेवली गेली. पीएम-यशस्वी या केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनेत ओबीसींनाही अडीचच लाख. म्हणजे महिन्याला 20,833 रुपये. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत एखाद्याला 21,000 पगार असेल तर वर्षाचे 2,52,000 होतात आणि मुलीचा अर्ज बाद. दोन हजार जास्त म्हणून शिष्यवृत्तीतून दोन हजार कापले, असं होत नाही, सगळीच जाते. सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलात खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी शाहू शुल्क योजनेत 8 लाखांपर्यंत सवलत आहे, पण त्या योजनेला महाराष्ट्राचा रहिवास लागतो.

आकड्याइतकाच घोळ मोजण्यात आहे. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) मिळतो. पगारदाराची स्लिप लपत नाही, दुकानदाराचं उत्पन्न अंदाजावर बसतं. त्यात दाखला पाच वर्षं चालतो. एकाच कारखान्यातल्या, सारख्याच पगाराच्या दोघांपैकी पगारवाढीआधी दाखला काढलेल्याचा मुलगा आत, नंतर काढलेल्याचा बाहेर! मुदत शिल्लक असेल तर नवा दाखला काढायच्या फंदात पडू नका, जुना आरडी नंबर (दाखल्यावरचा क्रमांक) चालतो.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावर. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला विद्यार्थ्याच्याच नावाचा हवा; वडिलांच्या दाखल्याचा आरडी नंबर टाकला की नाव जुळत नाही. आपल्याकडे आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव आणि दहावीच्या मार्ककार्डावर नुसतं आद्याक्षर, हे सर्रास. दुरुस्ती आधी करून घ्या, शेवटच्या आठवड्यात ती होत नाही. कागदांचं ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) कॉलेजातला नेमलेला अधिकारी करतो. तो रजेवर असला की तारीख हुकते, आणि तारीख हुकल्याचा दोष विद्यार्थ्याच्याच माथी.

शेतकऱ्यांच्या मुलांनी रयत विद्यानिधी या राज्याच्या शिष्यवृत्तीचं पाहावं. 2021 मध्ये ती सुरू झाली तेव्हाचे दर: डिग्रीला मुलांना 5,000 आणि मुलींना 5,500, इंजिनिअरिंगला 10,000 आणि 11,000. तिथं पगाराऐवजी फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणीचा क्रमांक) लागतो. अडचण एकच: उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वडिलांचा आयडी निघत नाही. वारसा नोंदीला वेळ लागतो, मूल दहावीत असतानाच ते काम हाती घ्यावं.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत फक्त केवायसी झालेलं पुरत नाही, एनपीसीआय मॅपिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं) झालंय का ते वेगळं विचारा.