टेक्ट्रॉनिक्स २४६५बी : उत्तम ऑसिलोस्कोप, पण हवा खेळती हवी

टेक्ट्रॉनिक्सने १९८४ मध्ये २४६५ हा ३०० मेगाहर्ट्झचा चार चॅनलचा ऑसिलोस्कोप (विजेचे संकेत पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणारे यंत्र) बाजारात आणला आणि पुढे त्याचीच सुधारित आवृत्ती असलेला २४६५बी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला. अ‍ॅनालॉग स्कोपमध्ये इतकी स्वच्छ, टोकदार रेषा आणि इतका भरवशाचा ट्रिगर (रेषा पडद्यावर स्थिर धरणारी सोय) आजही क्वचितच पाहायला मिळतो, म्हणूनच दुरुस्तीच्या टेबलावर अनेकांनी तो अजून जपून ठेवला आहे. मात्र जुना २४६५बी विकत घेताना त्याच्या बँडविड्थपेक्षा (किती मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत तो दाखवतो त्यापेक्षा) त्याच्या आतल्या उष्णतेचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या यंत्राचे मर्म यू८०० या आयसीत (इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये) आहे. हा हॉरिझॉन्टल आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे रेषेला पडद्यावर आडवे सरकवणारा भाग, मुख्य बोर्डावर बसतो आणि चालू असताना चांगलाच तापतो. पडद्यावर मोजमाप दाखवणारी अक्षरे आणि आकडेही याच अ‍ॅम्प्लिफायरमधून जात असल्यामुळे तो बिघडू लागला की केवळ रेषाच नव्हे, तर आकडेही एका बाजूला दबलेले किंवा सरकलेले दिसतात. विकत घेण्यापूर्वी स्कोप किमान अर्धा तास चालू ठेवून ही अक्षरे नीट पाहावीत, कारण थंड असताना ठीक वाटणारे यंत्र तापल्यावर वेगळेच दिसू शकते.

कंपनीने उष्णतेचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. पंख्याचा वेग तापमानानुसार थर्मिस्टरने (उष्णता ओळखणाऱ्या सुट्या भागाने) कमी-जास्त होतो, आणि कॅबिनेटच्या तळाच्या व बाजूच्या छिद्रांतून हवा आत येऊन पंख्याच्या छिद्रांतून बाहेर पडते. ही रचना मला मनापासून आवडते, पण ती सगळी छिद्रे मोकळी असण्यावर आणि कॅबिनेट बसवलेले असण्यावर उभी आहे. त्यामुळे स्कोप मऊ कापडावर ठेवणे, बाजूला पुस्तकांची चळत लावणे किंवा कॅबिनेट काढून तासन्‌तास चालवणे हे तिन्ही घातक ठरते. कॅबिनेट काढल्यावर यंत्र उघड्यावर अधिक थंड राहील असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हवेचा ठरलेला मार्गच मोडतो आणि यू८०० वरून जाणारा झोत नाहीसा होतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात, जिथे बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तिथे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो आणि आतले तापमान तिच्याहून चढेच राहते. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचे (वीजभार साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, हा ठोकताळा इथे नेहमी लक्षात ठेवावा. कॅलिब्रेशनचे (मोजमाप अचूक ठेवण्यासाठी केलेल्या जुळणीचे) आकडे ज्या मेमरीत साठवलेले असतात ती बॅटरीच्या आधारावर टिकते, आणि सततची उष्णता त्या बॅटरीलाही मानवत नाही.

सुधारणा सोप्या आहेत. आतली धूळ मऊ ब्रशने काढावी, पंखा कुरकुरत असेल तर तो तातडीने बदलावा आणि यू८०० च्या पृष्ठभागावर उष्णतावाहक चिकट पदार्थाने अ‍ॅल्युमिनियमचा छोटा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) बसवावा. अनेक मालकांनी हा हीटसिंक बसवलेला आहे आणि मला तो खर्चाच्या मानाने सर्वांत मोलाचा वाटतो. आयसीचे नट मात्र जोरात आवळू नयेत. आत पिक्चर ट्यूबसाठी हजारो व्होल्टचा दाब असतो, तेव्हा ज्यांना त्या कामाची सवय नाही त्यांनी कॅबिनेट उघडूच नये. अचूक मोजमापासाठी यंत्र २० मिनिटे तापू द्यावे लागते. तेवढी उष्णता आवश्यकच आहे, टाळायची आहे ती साचून राहणारी.

ज्याला पल्सचे (विजेच्या क्षणिक ठोक्यांचे) चढते-उतरते काठ डोळ्यांनी पाहायचे आहेत आणि यंत्राची वर्षातून एकदा निगा राखण्याची तयारी आहे, त्याने पंखा व्यवस्थित फिरणारा २४६५बी खुशाल घ्यावा. पंखा बंद पडलेला स्कोप मात्र कितीही स्वच्छ दिसला तरी चालू यंत्राच्या किमतीला घेऊ नये, कारण यू८०० आता बहुतेक वेळा दुसऱ्या जुन्या स्कोपमधून काढलेलाच मिळतो आणि तो आधी किती तापला आहे हे कोणीही सांगू शकत नाही.