विद्यापीठाचा विधी विभाग: एका महाविद्यालयीन अधीक्षकाचा अभिप्राय

एका संलग्न महाविद्यालयाच्या कार्यालयात मी बावीस वर्षे नोकरी करीत आहे आणि त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे कार्यालयीन अधीक्षक या पदावर आहे. विद्यापीठाच्या आवारात परीक्षा विभाग कुठे आहे हे फाटकावरचा सुरक्षारक्षकही सांगतो, पण विद्यापीठाची न्यायालयीन आणि कायदेविषयक कामे पाहणारा विधी विभाग कुठे आहे हे विचारले तर दोघातिघांना गाठावे लागते. एवढा अपरिचित असलेला हा विभाग अडचणीच्या वेळी मात्र फार मोलाचा ठरतो, म्हणून त्याच्या सेवेविषयीचा माझा अनुभव सविस्तर लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मी देत नाही, कारण कमीअधिक फरकाने राज्यातील अनेक विद्यापीठांत हेच चित्र असल्याचे इतर महाविद्यालयांतील सहकारी मला सांगतात.

विधी अधिकारी नेमके काय करतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे हे त्याचे काम नसते. ते पॅनेलवरील, म्हणजे विद्यापीठाने नेमलेल्या यादीतील, वकील करतात. आलेल्या नोटिशीवर संबंधित विभागाकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवणे, वकिलाला माहिती पुरवणे, शपथपत्राचा मसुदा तपासून त्यावर कुलसचिवांची सही घेणे, न्यायालयाचा आदेश आला की त्याच्या अंमलबजावणीची मुदत सांभाळणे आणि मुदत टळल्यास अवमान याचिका ओढवेल याची वेळेवर जाणीव करून देणे, ही कामे त्याच्याकडे असतात. याशिवाय सामंजस्य करार, निविदांच्या अटी, जमिनीचे वाद, कर्मचाऱ्यांच्या विभागीय चौकश्या यांवरही त्याचे मत घेतले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक यांची पदे कायद्यानेच ठरवून दिलेली आहेत. विधी अधिकाऱ्याला त्या रांगेत जागा दिलेली नाही. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत जनरल कौन्सेल हा थेट अध्यक्षांचा सल्लागार असतो आणि महत्त्वाचे निर्णय त्याच्या नजरेखालून जातात. आपल्याकडे हे पद बहुधा कुलसचिवांच्या हाताखाली असते आणि अनेकदा अतिरिक्त कार्यभारावर चालते. या एका गोष्टीमुळे सेवेच्या दर्जात किती फरक पडतो, हे मी दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या काळात पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाणिज्य शाखेतील एका विद्यार्थिनीचा तृतीय वर्षाचा निकाल राखीव ठेवण्यात आला. मुलगी सीमाभागातील होती. तिची बारावी कर्नाटकात झालेली असल्यामुळे पात्रतेसाठी स्थलांतर प्रमाणपत्र आवश्यक होते. ते तिने प्रथम वर्षातच आमच्याकडे दिले होते, परंतु आमच्या कार्यालयाने ते विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे विहित मुदतीनंतर पाठवले. ही चूक आमची होती आणि तेव्हा ते टेबल माझ्या देखरेखीखाली होते, त्यामुळे ती माझीही होती. तीन वर्षे त्यावर कोणीही अवाक्षर काढले नाही. निकालाच्या वेळी मात्र ‘पात्रता प्रमाणपत्र विहित मुदतीत प्राप्त न झाल्याने सदर प्रवेश रद्द समजण्यात यावा’ असे दोन ओळींचे पत्र आले. एम. कॉम.च्या प्रवेशाची अंतिम तारीख तेरा दिवसांवर होती. ते पत्र हातात घेऊन ती मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि ‘सर, मग मी तीन वर्षे काय केलं?’ एवढेच म्हणाली.

मी नस्ती (प्रकरणाची फाईल) घेऊन विधी विभागात गेलो. तेव्हाच्या अधिकाऱ्यांकडे या कामाचा अतिरिक्त कार्यभार होता आणि त्यांचे मूळ काम दुसऱ्याच विभागात होते. त्यांनी नस्ती न उघडताच ‘विद्यार्थिनीला कोर्टात जाऊ द्या, कोर्ट सांगेल तसं करू’ असे सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपण निर्णय घेतला तर उद्या आपल्यालाच विचारतील, ही भीती त्यामागे होती. पण ज्या घरात शेतीच्या उत्पन्नावर चार माणसे जगतात, त्या घरातील मुलीला उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करायला सांगणे म्हणजे तिला परत पाठवण्यासारखेच असते.

योगायोगाने त्याच आठवड्यात पूर्णवेळ विधी अधिकारी रुजू झाल्या. मी पुन्हा गेलो. त्यांनी नस्तीची लाल फीत सोडली, पाने क्रमाने लावली आणि मला पहिला प्रश्न विचारला, ‘सर, हिचा पहिल्या वर्षाचा परीक्षा अर्ज कोणी स्वीकारला?’ मी म्हणालो, ‘मॅडम, विद्यापीठानेच.’ ‘प्रवेशपत्र किती वेळा दिलं?’ ‘सहा सत्रांची सहा.’ ‘मुलीने काही लपवलं होतं का?’ मी प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जाची प्रत पुढे केली. बारावीचे मंडळ कोणते या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात ‘कर्नाटक’ लिहिले होते आणि गुणपत्रिकेची प्रतही अर्जाला जोडलेली होती. मॅडमनी त्या रकान्याखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढली आणि तिथेच बसून टिपणी लिहायला घेतली.

त्या टिपणीत त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निवाड्यांचा आधार घेतला. ‘श्रीकृष्णन विरुद्ध कुरुक्षेत्र विद्यापीठ’ या १९७५च्या निवाड्यात न्यायालयाने म्हटले आहे की, अर्जातील उणीव विद्यापीठाला थोडी काळजी घेतल्यास दिसू शकत होती आणि तरीही विद्यार्थ्याला परीक्षेला बसू दिले, तर नंतर त्याची उमेदवारी मागे घेण्याचा अधिकार विद्यापीठाला उरत नाही. १९९०च्या ‘सनातन गौडा विरुद्ध बेरहामपूर विद्यापीठ’ या प्रकरणात विद्यार्थ्याने गुणपत्रिका आधीच सादर केली होती, त्याला प्रवेश आणि परीक्षेचे प्रवेशपत्र मिळाले होते, त्यामुळे निकालाच्या वेळी पात्रतेचा मुद्दा उकरून काढता येणार नाही, असे ठरले. या तत्त्वाची मर्यादाही मॅडमनी नोंदवली होती: बनावट कागद देऊन प्रवेश घेणाऱ्याला हे संरक्षण मिळू नये आणि प्रस्तुत प्रकरणात तसे काहीही नाही. शेवटच्या परिच्छेदात महाविद्यालयाने कागदपत्रे उशिरा पाठवल्याबद्दल आमच्याकडून लेखी खुलासा घ्यावा, अशी शिफारस होती. ती मला बोचली, पण ती योग्यच होती. नऊ दिवसांत कुलसचिवांची हिरव्या शाईतील सही झाली आणि निकाल सुटला. मुलीचा एम. कॉम.चा प्रवेश झाला.

या सेवेचे खरे मोल मला त्या दिवशी कळले. खटला जिंकणारा विधी अधिकारी चांगला असतोच, पण चुकीचा आदेश निघण्यापूर्वी ‘हा टिकणार नाही’ असे नस्तीवर लिहिणारा अधिकारी विद्यापीठाचा पैसा आणि विद्यार्थ्याचे वर्ष अशा दोन्ही गोष्टी वाचवतो. मुळात ते दोन ओळींचे पत्र विधी विभागाच्या नजरेखालून गेले असते आणि मुलीला म्हणणे मांडण्याची एक संधी दिली गेली असती, तर ते निघालेच नसते. प्रवेश रद्द करणे, पदवी रोखणे, परीक्षेस बसण्यास मनाई करणे यांसारखा कोणताही आदेश विधी विभागाचे लेखी मत जोडल्याशिवाय जावकला पडू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र तक्रारीही आहेत आणि त्या गंभीर आहेत. आमच्या एका प्राध्यापकांच्या नियुक्ती-मान्यतेच्या प्रकरणात महाविद्यालयही प्रतिवादी होते. त्यात विद्यापीठाचे शपथपत्र दाखल होण्यास चार तारखा लागल्या. चौथ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता पॅनेलवरील वकिलांनी मला दूरध्वनी करून बिंदुनामावलीची (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गासाठी आहे हे दाखवणाऱ्या नोंदवहीची) प्रत मागितली. ती मी दोन महिन्यांपूर्वीच विधी विभागात देऊन पोच घेतली होती. प्रत विभागातच कुठल्यातरी गठ्ठ्यात पडून होती. प्रत्येक तारखेला ते प्राध्यापक रात्रभर प्रवास करून उच्च न्यायालयात जात आणि ‘वेळ मागितला’ एवढेच ऐकून परत येत. विभागात त्या वेळी एक अधिकारी, एक कनिष्ठ लिपिक आणि एक शिपाई एवढाच कर्मचारीवर्ग होता, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या खर्ची पडलेल्या चार रात्रींचे ते उत्तर होऊ शकत नाही.

दुसरी उणीव अशी की, आपले प्रकरण कुठवर आले हे कळण्याची काहीही सोय नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दिसते, परंतु विद्यापीठाकडून अभिप्राय गेला की नाही, मसुदा कोणाकडे आहे, हे विचारण्यासाठी प्रत्यक्षच जावे लागते.

विद्यार्थी आणि पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. विधी अधिकारी हा विद्यापीठाचा सल्लागार असतो, विद्यार्थ्याचा वकील नसतो, त्यामुळे विद्यार्थ्याने थेट त्याच्याकडे जाऊन सल्ला मागू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल अशी व्यवस्था आहे. तक्रार आधी तिथे नोंदवावी. गुणांविषयी शंका असेल तर १९८४च्या ‘परितोष भूपेशकुमार शेठ’ निवाड्याचा दाखला देऊन उत्तरपत्रिका दाखवता येत नाही, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ‘आदित्य बंदोपाध्याय’ प्रकरणात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते असे ठरवले आहे, त्यामुळे आज कोणी जुना दाखला दिला तर हा नवा निवाडा नम्रपणे दाखवावा.

पूर्णवेळ अधिकारी असतानाच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन आणि अतिरिक्त कार्यभाराच्या काळातील सेवेला दीड. महाविद्यालयांतून जाणाऱ्या सहकाऱ्यांनी सोबत मूळ नस्तीऐवजी पृष्ठ क्रमांक घातलेल्या दोन प्रती न्याव्यात, विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज आणि सर्व सत्रांचे परीक्षा अर्ज सर्वांत वर लावावेत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये. दुपारी दोननंतर तिथे कोणी सापडत नाही, म्हणून सकाळी अकराच्या आत पोहोचावे.