मार्गोयेस की कास्तियो देबाल?

सादरीकरणासाठी दोघींपैकी कोणती मेक्सिकन कलाकार घेऊ, असं भाचीनं विचारलं. दोघींचं एकेक काम पायाखालचंच आहे.

तेरेसा मार्गोयेसनं २००९च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात दालनाची फरशी पुसून घेतली. पाण्यात मेक्सिकोत खून झालेल्यांचं रक्त होतं, पुसणारे त्यांचेच नातेवाईक. मारियाना कास्तियो देबालनं २०१३मध्ये तेनोच्तित्लान या अॅझ्टेक राजधानीचा, १५२४ साली न्यूरेंबर्गला छापलेला नकाशा लाकडी जमिनीवर कोरला. स्पॅनिश जेत्यांच्या चष्म्यातलं शहर, त्यावर प्रेक्षक चालतात.

पूर्वतयारी? पहिलीला जवळपास नाही, दुसरीला स्पॅनिश आक्रमणाचा इतिहास वाचावाच लागेल. फोटोंत मात्र उलट: मार्गोयेसची नुसती ओली फरशी दिसते, म्हणजे सगळी मदार तुझ्या बोलण्यावर.

आजच्या हिंसेवर बोलायचं तर मार्गोयेस. इतिहास कोण लिहितं हा प्रश्न असेल, आणि हाताशी महिनाभर असेल, तर देबाल.