पाणी कुठं मुरत होतं: जुन्या गाडीची गळती आणि ब्युटाइल टेपचे नऊ महिने

गाडी १४ वर्षांची हॅचबॅक, माझ्याकडे सेकंडहॅन्ड आलेली, रात्रंदिवस उघड्यावर उभी. गळती थांबवायला ब्युटाइल टेप (कधी न सुकणारी चिकट रबरी दोरी) लावून आता नऊ महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा येऊन गेला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. लावल्या लावल्या आठवड्यात "एकदम मस्त, पाच स्टार" लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण पहिल्या आठवड्यात तर सिलिकॉन पण मस्तच वाटलं होतं मला.

सुरुवात वासाने झाली. दार उघडलं की कुबट वास, सकाळी काचा आतून धुकट, आणि डावीकडच्या पुढच्या सीटसमोर पाय ठेवला की मॅटखाली पच्च. मॅट काढून वाळवली, दोन दिवसांनी परत तेच. शिवाय त्या सीटवर कोणी नसताना सीटबेल्टचा बझर वाजायला लागला, तो सीटखालचा ओला झालेला कनेक्टर होता हे मला फार उशिरा कळलं.

पाणी दिसलं की आधी ते कुठलं आहे ते बघा, हे मी पहिल्या दिवशी केलं एवढं एक शहाणपण. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि एसी चालवल्यावरच येतं, त्याची ड्रेनची नळी तुंबली की ते बाहेर पडायच्या ऐवजी आत पायाशी उतरतं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) असेल तर हाताला चिकट लागतं, गोडसर वास येतो, आणि हीटर लावला की काचेवर तेलकट वाफ बसते. माझं साधं मातकट पाणी, गाडी नुसती उभी असताना पाऊस पडला तरी येणारं, म्हणजे पावसाचंच.

इथून पुढे मात्र मी शुद्ध मूर्खपणा केला. पाणी पुढे येतंय म्हणजे पुढच्या काचेतूनच येत असणार असं स्वतःच ठरवलं, घरात पडलेली सिलिकॉनची ट्यूब घेतली आणि काचेच्या कडेने सगळीकडे फासली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! काच ठणठणीत होती. वर त्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता, तसलं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्यावर लागलं तर गंजाला आमंत्रणच, शिवाय त्यावर नंतर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही चिकटत नाही. ते खरवडून काढण्यात माझा एक रविवार आणि दोन नखं गेली. काच खरंच गळत असेल तर ती नीट काढून युरेथेनने (काच चिकटवायच्या खास गोंदाने) परत बसवून घ्यावी लागते, कारण बऱ्याच गाड्यांत ती काच गाडीच्या मजबुतीचा भाग असते आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिचाच टेकू घेते. ते ब्युटाइलने किंवा घरच्या सिलिकॉनने करायचं काम नाहीच.

मग डोकं ठिकाणावर आलं आणि शोध सुरू केला. पाणी जिथं साठतं तिथूनच आत येत असेल असं अजिबात नाही, ते वायरच्या जुडग्यावरून, पत्र्याच्या घडीतून, कार्पेटखालून वाटेल तिकडे चालत जातं, माझ्या गाडीत तर मागच्या सीटच्या पायाशी ओल होती ती पुढून घरंगळत आलेली. गाडी रोज नाक खाली करून उतारावर उभी असते का चढावर, यानेसुद्धा डबकं कुठं होईल ते बदलतं. मी मुद्दाम दोन दिवस उलटी लावून बघितली, डबकं मागे सरकलं पण पहिला थेंब पुढेच दिसायचा.

टेस्ट अशी केली: मॅट बाहेर, कार्पेट जमेल तेवढं वर उचललं, खाली कोरडे वर्तमानपत्राचे कागद, दाराच्या कडांना टाल्कम पावडर, आणि पोरीला मोबाईलचा टॉर्च घेऊन आत बसवलं. बाहेरून साधा पाईप, प्रेशर नाही, नुसतं पाणी वाहू द्यायचं. आणि खालून वर जायचं, एका जागी पाच-दहा मिनिटं, मग थोडं वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच फटींवरून खाली येतं आणि नक्की कुठली फट ते कळतच नाही. प्रेशर वॉशर तर अजिबात नको, पाऊस जिथं कधी जाणार नाही तिथंही तो पाणी घुसवतो आणि मग तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटत बसता.

पहिलं सापडलं ते वायपरच्या खाली. तिथं जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिच्या खाली एक पन्हाळ असते, काचेवरचं सगळं पाणी तिथं पडून बाजूच्या भोकांतून खाली निघून जातं. गाडी झाडाखाली उभी करायची असेल तर ही जागा पाठ करा. माझ्या पन्हाळीत कुजलेली पानं, माती, चक्क एक रोपटं उगवलेलं, भोकं गच्च बंद. पाणी तिथं तुंबायचं आणि ब्लोअर जिथून बाहेरची हवा ओढतो त्या तोंडातून सरळ आत. दोन मुठी चिखल काढला, भोकातून वायर फिरवली आणि पाणी गडगडा खाली गेलं. खर्च शून्य. निम्मी गळती इथंच संपली, आणि मी काचेला सिलिकॉन फासत बसलो होतो!

पण कागद पुढच्या पावसात परत ओला, कमी, पण ओला. परत पाईप. दाराच्या काचेखालच्या रबरी पट्टीवर पाणी सोडलं आणि तीन मिनिटांत आतून आवाज, "बाबा, आलं आलं!" दाराच्या पॅडच्या (आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) खालच्या कडेतून धार.

आता ही गोष्ट मला आधी माहीतच नव्हती, आणि बऱ्याच जणांना नसते. दाराच्या आत पाणी जाणं हे नॉर्मल आहे. काच वर-खाली होते म्हणजे तिथं पक्कं सील शक्यच नाही, पाणी आत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं, दार बनवलेलंच तसं असतं. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा असतो, तो त्या पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. माझ्या गाडीत आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी स्पीकर बदललेले, त्या कारागिराने पडदा अर्धा फाडला आणि परत लावताना चार ठिकाणी सेलोटेप. सेलोटेप!! तीसुद्धा सुटून लोंबत होती.

इथं आली ब्युटाइल टेप. काळी, दोरीसारखी, साधारण ८ मिमी जाड, कागदावर गुंडाळलेली मिळते. हिचा गुण एकच, ही कधी कडक होत नाही, वर्षानुवर्षं मऊ चिकटच राहते, त्यामुळे दार आपटलं, पत्रा तापला-थंड झाला तरी ती सुटत नाही, आणि उद्या काच-मोटर बघायला पडदा काढावा लागला तर काढून परत तिथंच दाबता येतो. फाटक्या पडद्याच्या जागी जाड प्लास्टिकचा नवीन कापला, जुन्याच्या मापाने. पत्रा स्पिरिटने पुसला, जुना चिकटा काढायला त्याच टेपचा गोळा करून टिपला की तो निघून येतो (ही युक्ती सोन्यासारखी). मग दोरी सलग लावली, कुठेही जोड न ठेवता, हेअर ड्रायरने थोडी गरम केली आणि बोटांनी दाबत गेलो. गार किंवा ओलसर पत्र्यावर ही टेप धरत नाही, मी पहिल्यांदा घाई केली आणि एक कोपरा दुसऱ्या दिवशी सुटलेला दिसला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडद्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत जायला पाहिजे. म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी परत दारातच पडतं. ती बाहेर राहिली तर बाकी तुम्ही कितीही टेप लावा, पाणी पॅडच्या मागून आत येणारच. दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी केली, एक बंद होतं आणि दार हलवलं की आत डबक वाजायचं.

तोटे सांगायचे तर टेप हाताला लागली की जात नाही, कपड्याला लागली तर तो कपडा गाडीचाच झाला समजा. कडक उन्हात ती थोडी सैल पडते, वरच्या कडेला माझी एका जागी दोनेक मिमी खाली ओघळली होती, परत दाबली, बस. जिथं उघडझाप होते तिथं, म्हणजे दार-डिकीच्या बीडिंगवर (कडेच्या रबरी पट्टीवर), ही लावू नका.

बीडिंगसाठी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची टेस्ट केली. घट्ट ओढावी लागली तर ठीक, सरकन आली तर तिथं दाब नाही. माझ्या डिकीचं बीडिंग एका कोपऱ्यात चपटं झालेलं. आधी बाजारातली चिकटवायची युनिव्हर्सल पट्टी लावली, दीड महिन्यात सुटली आणि डिकी बंद व्हायला जोर लागायला लागला, पैसे वाया. शेवटी त्याच मॉडेलचं ओरिजिनल बीडिंग टाकलं आणि विषय संपला. बाकी दारांच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावतो, ते मऊ राहतात. साधं पेट्रोलियमचं ग्रीस किंवा तेल लावू नका, ते रबर त्याने फुगतं आणि खराब होतं.

स्टेपनीच्या खड्ड्यात पण पाणी होतं. ते साबणाच्या पाण्याने सापडलं: काचा बंद, ब्लोअर बाहेरच्या हवेवर फुल, आणि बाहेरून साबण फवारला की जिथून हवा निसटते तिथं बुडबुडे. डावीकडच्या टेल लॅम्पच्या वर बुडबुडे आले. लॅम्प काढला तर फोमचं गॅस्केट पापडासारखं. तिथंही ब्युटाइलची दोरी फिरवली, नट बेताने आवळले, जास्त आवळले की लॅम्पचं प्लास्टिक तडकतं. सनरूफवाल्यांनी आधी त्याच्या ड्रेनच्या नळ्या बघाव्यात. त्यात नायलॉनची जाड दोरी हळू घाला, जोरात हवा मारली तर नळी आतल्या आत निसटते आणि पाणी छताच्या कापडात.

गळती बंद झाली म्हणजे काम झालं असं समजू नका, खरी कटकट वाळवण्याची आहे. कार्पेट वरून कोरडं वाटतं पण त्याच्याखालचा फोम स्पंजसारखा कित्येक लिटर पाणी धरून बसतो. मी बॅटरीची निगेटिव्ह काढली, थोडा वेळ थांबलो, मग सीटचे चार बोल्ट सोडून सीट बाहेर. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना सांभाळा, ते एअरबॅगचे असतात, आणि ते काढलेले असताना इग्निशन लावू नका, नाहीतर वॉर्निंग लाईट डोळे वटारत बसते. फोम दाबला तर बादलीभर काळं पाणी. पंख्यासमोर पाच दिवस लागले, खालच्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंजाचे ठिपके होते ते घासून प्रायमर मारला. सुगंधी कॅन, कॉफीच्या पुड्या वगैरे सगळं आधी करून झालं होतं, फोम वाळेपर्यंत वासाला काडीचाही फरक पडला नव्हता. कनेक्टर साफ केल्यावर बझरही गप्प.

नऊ महिन्यांनी: दाराचा पडदा एकदा पॅड काढून मुद्दाम बघितला, टेप जशीच्या तशी, मागे पाण्याचे ओघळ दिसतात पण सगळे दारातच उतरलेले. टेल लॅम्प कोरडा. काचा सकाळी स्वच्छ, फक्त ब्लोअर आतल्या हवेवर राहिला तर धुकट होतात, ते सगळ्याच गाड्यांचं. वायपरखालची पन्हाळ दर महिन्याला दोन मिनिटं बघतो, दर वेळी पानं निघतात.

स्टेपनीखाली अजून एक वर्तमानपत्र ठेवलंय. मागच्या आडव्या पावसात त्याच्यावर रुपयाएवढा ओला डाग आला, उजव्या बाजूला, म्हणजे टेल लॅम्प नाही. छताच्या कडेच्या पन्हाळीतलं जोडाचं सीलंट तडकलेलं दिसतंय, नाहीतर मागच्या बंपरच्या आत, केबिनमधली हवा बाहेर जायला जी रबरी झडप असते ती. रविवारी परत पाईप, परत खालून वर, पोरीने टॉर्च चार्ज करून ठेवलाय.