डोंगरी-किनारी मुलांच्या तुलनेला खेलो इंडियाच्या चाचण्या कितपत पुरतात?

एका शाळेपुरती तंदुरुस्ती पाहायची असेल तर खेलो इंडियाचा चाचणी-संच उत्तम. सामान थोडे, आणि शारीरिक शिक्षणाचे एक सर आणि दोन मदतनीस असले की वर्ग उरकतो. ९ ते १८ वयोगटासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, ३० सेकंदांतले अर्धे सिट-अप आणि पुशअप, एवढेच. पण गोव्यातल्या डोंगराळ सत्तरी-सांग्याची मुले आणि किनारी बार्देश-सासष्टीची मुले शेजारी ठेवायची, तर तो आहे तसा चालत नाही.

खरा घोळ ६०० मीटरला होतो. टेकडी तासून केलेल्या मैदानावर १०० मीटरची फेरी जेमतेम बसते. म्हणजे सहा फेऱ्या, अरुंद कोपरे, पायाखाली जांभ्याची खडी. सपाट, मोठ्या मैदानावर त्याच अंतराला २०० मीटरच्या तीन फेऱ्या पुरतात. प्रत्येक वळणावर वेग तुटतो आणि दमदार मूलही मागे पडलेले दिसते. त्यापेक्षा २० मीटर शटल रन घ्या, म्हणजे ऑडिओतल्या बीपच्या तालावर दोन रेषांमध्ये धावत ये-जा. टेपने मोजून दोन रेषा आखा, मोबाइलला स्पीकर जोडा. सुरुवात ताशी ८.५ किमी, पुढे दर मिनिटाला अर्धा किमी वाढ. सलग दोनदा बीपच्या आत रेषा गाठता आली नाही की मूल बाद. वळणे दोन्हीकडे सारखीच येतात. ऑडिओ मात्र एकच वापरा, कारण काही फाइली ८ किमीने सुरू होतात.

बसून पुढे वाकणे मोजायच्या पेटीचेही तसेच. तळपायाची रेषा काही पेट्यांवर १५ सेंमीला असते, काहींवर २३ किंवा २६ ला. दोन शाळांत दोन पेट्या म्हणजे आकडे बाद. एकच पेटी गाडीत घालून सगळीकडे न्या. ५० मीटरला शिट्टी नको, झेंडा पाडा. शेवटच्या रेषेवर वेळ घेणाऱ्यापर्यंत आवाज पोचायलाच सेकंदाचा सातवा हिस्सा जातो.

निष्कर्ष काढताना समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला फार श्रेय देऊ नका. सत्तरीच्या सीमेवरचा चोर्ला घाटमाथा साधारण ८०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ९ टक्केच कमी. लेहला, ३५०० मीटरवर, तो ३५ टक्क्यांनी घटतो. सत्तरीतले वाळपई तर पायथ्यालाच आहे. आपल्याकडे फरक दिसलाच तर तो चढावरून रोज चालण्याचा असू शकतो, म्हणून नोंदवहीत एक रकाना वाढवा: शाळेत येणे चालत की बालरथाने (शाळेच्या बसने), आणि चालत असेल तर किती मिनिटे. हा रकाना नसलेली तुलना आम्ही ग्राह्य धरणार नाही. वय महिन्यांत लिहा, मुलगे-मुली वेगळे ठेवा. १२ ते १४ मध्ये सहा महिन्यांनीही बराच फरक पडतो.

चाचणी दोन्हीकडे नोव्हेंबर ते जानेवारीत, सकाळी साडेसात ते नऊ या वेळेतच घ्या. मे महिन्याच्या दमट उकाड्यात घेतलेले किनाऱ्याचे आकडे डिसेंबरच्या सत्तरीशी जुळवू नयेत.